गडचिरोलीत माओवाद्यांना नेमकं कशानं हरवलं? ड्रोननं, की रस्ता, टॉवर आणि एसटीनं?

१५ ऑक्टोबर २०२५. गडचिरोली पोलीस मुख्यालय. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यानं आपलं शस्त्र सोपवलं. बंदी असलेल्या माओवादी पक्षाच्या पॉलिट ब्युरोचा हा सदस्य. त्याच्यासोबत आणखी ६० जणांनी आत्मसमर्पण केलं आणि ५४ शस्त्रं जमा केली.

आता जरा हिशोब करा. माणसं ६१, शस्त्रं ५४, आणि त्यात एके-४७ फक्त ७. इन्सास रायफली ९. चाळीसहून जास्त वर्षं सरकारला आव्हान देणाऱ्या संघटनेच्या एवढ्या मोठ्या नेत्याबरोबरच्या तुकडीची ही अवस्था.

केंद्र सरकारनं नक्षलवाद संपवण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली, तेव्हापासून टीव्हीवर ड्रोनची दृश्यं आणि चकमकींचे आकडे दिसत राहिले. त्यावरून वाटतं की आधुनिक तंत्रज्ञान आलं आणि माओवादी संपले. पण गडचिरोलीचा घटनाक्रम नीट लावून बघितला, तर वेगळंच चित्र दिसतं. इथली लढाई फिरवली ती अगदी साध्या गोष्टींनी. स्थानिक भाषा येणारा पोलीस, पक्का रस्ता, मोबाईल टॉवर आणि पावसाळ्यातही चालू राहणारं पोलीस मदत केंद्र. ड्रोन या सगळ्याच्या वर आला.

हे समजून घेणं का गरजेचं आहे? कारण ज्या साधनांनी लढाई जिंकली, तीच साधनं आता तिथल्या शांततेचा आकार ठरवणार आहेत.

आधी एक प्रश्न: याला यादवी म्हणायचं का?

सरकार म्हणत नाही. सरकारच्या लेखी हा अंतर्गत सुरक्षेचा प्रश्न आहे. म्हणूनच इथं लष्कर थेट लढाईत उतरवलं गेलं नाही. राज्य पोलीस आणि केंद्रीय राखीव दलांनीच ही लढाई लढली. माओवादी मात्र तिला 'लोकयुद्ध' म्हणत आले. त्यांनी २००० साली आपलं सैन्यच उभं केलं, आणि २००४ मध्ये पीपल्स वॉर आणि एमसीसी या दोन संघटना एकत्र येऊन आजचा माओवादी पक्ष तयार झाला.

नाव काहीही द्या. एकाच देशाचे नागरिक दोन्ही बाजूंनी बंदुका घेऊन उभे होते. आणि गडचिरोलीत तर अनेकदा दोन्ही बाजूंना माडिया किंवा गोंड तरुणच होते.

बीड आणि गडचिरोली: नकाशा शेजारी ठेवून बघा

बीडमध्ये बसून गडचिरोलीचा अंदाज येत नाही, म्हणून ही तुलना. बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ साधारण १०,७०० चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या जवळपास २६ लाख. गडचिरोली त्याहून मोठा, १४,४०० चौरस किलोमीटरच्या वर. लोकसंख्या मात्र पावणेअकरा लाखांच्या आत. म्हणजे बीडमध्ये एका चौरस किलोमीटरमध्ये २४० च्या आसपास माणसं राहतात आणि गडचिरोलीत ७४. त्यातही जिल्ह्याचा बहुतांश भाग जंगलाचा.

भूगोलानं लढाईचा निकाल कसा बदलतो, याचा अनुभव आपल्या मराठवाड्यालाही आहे. १९४८ मध्ये बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य सोलापूरकडून रणगाडे घेऊन नळदुर्गच्या रस्त्यानं आत शिरलं आणि १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. मोकळं पठार आणि पक्का रस्ता असेल, तर रणगाडा पाच दिवसांत काम संपवतो. पण त्याच संस्थानाच्या तेलंगण भागात, जिथं जंगल होतं, तिथं कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा १९५१ पर्यंत चालू राहिला.

पुढं १९८० मध्ये त्याच तेलंगणात कोंडापल्ली सीतारामय्या यांनी पीपल्स वॉर ही संघटना काढली. तिची दलमं प्राणहिता नदी ओलांडून गडचिरोलीत आली. त्यांना हवं होतं ते इथं सगळं होतं: घनदाट जंगल, शेजारच्या दोन राज्यांच्या सीमा, आणि वनखातं, ठेकेदार यांच्याकडून नाडली गेलेली माणसं. तेंदूपत्ता आणि बांबूच्या मजुरीचे प्रश्न हातात घेऊन त्यांनी गावांमध्ये जम बसवला.

माओवाद्यांचं गणित काय होतं?

गनिमी संघटनेपुढं पहिला प्रश्न असतो, शस्त्रं आणायची कुठून? माओवाद्यांचं उत्तर होतं, पोलिसांकडून. दबा धरून गस्ती पथकावर हल्ला करायचा, जवानांना मारायचं आणि त्यांची शस्त्रं घेऊन जंगलात पसार व्हायचं. म्हणजे प्रत्येक यशस्वी हल्ला हाच पुढच्या हल्ल्याचा शस्त्रपुरवठा.

२००९ साली हे गणित गडचिरोलीत सगळ्यात भयंकर रूपात दिसलं. फेब्रुवारीत मरकेगावला १५ पोलीस, मे महिन्यात हत्तीगोट्याला १६ आणि ऑक्टोबरमध्ये लाहेरीजवळ १७ पोलीस शहीद झाले. तीन घटनांत ४८ जीव गेले.

दुसरं साधन होतं भूसुरुंग. हे गरिबाचं तंत्रज्ञान. स्फोटकं, वायर, बॅटरी आणि थांबण्याची तयारी असली की झालं. पोलिसांची गाडी कोणत्या रस्त्यानं येणार हे कळलं की काम सोपं. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, नेमकं हेच घडलं. माओवाद्यांनी आधी दादापूर इथं रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली. त्यानंतर तिकडं निघालेल्या शीघ्र कृती दलाची खासगी गाडी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगानं उडवली. १५ पोलीस आणि गाडीचा चालक जागीच गेले. जाळलेली वाहनं हे आमिष होतं आणि रस्ता हा सापळा.

तिसरी गोष्ट म्हणजे ऋतू. उन्हाळ्यात पानगळ होते, जंगलात लांबचं दिसतं, चालणं सोपं होतं. माओवादी साधारण फेब्रुवारी ते जूनमध्ये हल्ल्यांची मोहीम चालवायचे. पावसाळ्यात नदी-नाले भरले की दोन्ही बाजू थंडावायच्या. भामरागडसारखं तालुक्याचं गाव पर्लकोटा नदीला पूर आला की जगापासून तुटायचं. हे चार महिने माओवाद्यांना विश्रांती, प्रशिक्षण आणि बैठकांसाठी मिळायचे.

ही तीन गणितं लक्षात ठेवा. कारण पुढं एकेक करून तीनही मोडली.

पहिला बदल: भाषा येणारा कमांडो

१९९० मध्ये गडचिरोलीचे तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी ६० स्थानिक तरुणांचं एक पथक तयार केलं. तेच आजचं सी-६०. या जवानांना गोंडी, माडिया येत होती, पायवाटा माहीत होत्या, कोणत्या गावात कोणाचं नातं आहे हे ठाऊक होतं. बाहेरून आलेल्या जवानाला जे जंगल भिंतीसारखं वाटायचं, ते त्यांच्यासाठी घराचं अंगण होतं.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये २००५ पासून 'सलवा जुडूम' नावाखाली गावकऱ्यांनाच माओवाद्यांविरुद्ध उभं केलं गेलं. त्यातून गावं ओस पडली, आदिवासी आदिवासींविरुद्ध लढले. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं कमी शिकलेल्या आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून शस्त्रं देणं घटनाबाह्य ठरवलं. सी-६० चे जवान मात्र पोलीस दलातले नियमित कर्मचारी होते. त्यांना पगार, प्रशिक्षण, निवृत्तिवेतन आणि कायद्याची चौकट होती. हा फरक कागदावर छोटा दिसतो, पण लढाई लांबत गेली तसा तो निर्णायक ठरला.

त्याला जोड मिळाली दोन योजनांची. २००३ मध्ये माओवाद्यांना गावात येऊ न देण्याचा ठराव करणाऱ्या गावांसाठी 'गावबंदी' योजना आली आणि २००५ मध्ये आत्मसमर्पण योजना. भूपतीच्या आत्मसमर्पणापर्यंत गडचिरोलीत शस्त्रं टाकलेल्यांची संख्या सातशेच्या पुढं गेली होती. आत्मसमर्पण केलेला प्रत्येक माणूस सोबत माहिती घेऊन येतो: तळ कुठं, रेशन कोण देतं, साठा कुठं पुरलाय. कोणताही उपग्रह हे सांगू शकत नाही.

दुसरा बदल: एका दिवसात उभं राहणारं पोलीस मदत केंद्र

नोव्हेंबर २०२३ मध्ये एटापल्ली तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेजवळ वांगेतुरीला पोलीस मदत केंद्र उभं राहिलं. किती वेळात? अवघ्या एका दिवसात. बॉम्बशोधक पथकांनी आधी रस्ता तपासायचा, मग जेसीबी, पोर्टा केबिन, संरक्षक भिंतीचं साहित्य, जनरेटर, पाण्याचं शुद्धीकरण यंत्र आणि मोबाईल टॉवरचं सामान घेऊन ताफा पोहोचायचा, आणि रात्र पडण्याआधी चौकी लढायला तयार. त्यानंतर गर्देवाडा, पेनगुंडा, नेलगुंडा, कवंडे अशी एकामागून एक केंद्रं उभी राहत गेली.

यात वेग का महत्त्वाचा? चौकी बांधायला महिने लागले, तर ते महिने हल्ल्याची संधी असते. एका दिवसात बांधली, तर माओवाद्यांना योजना आखायला वेळच मिळत नाही. आणि चौकी एकदा उभी राहिली की आजूबाजूच्या जंगलात रोजची गस्त सुरू होते. आधी पोलीस यायचे आणि जायचे. माओवादी मात्र राहायचे. गावकरी अर्थातच राहणाऱ्याचं ऐकायचे. चौकीनं हे उलटं केलं.

मोबाईल टॉवरचं महत्त्वही इथंच आहे. पूर्वी एखाद्याला पोलिसांना काही सांगायचं असेल, तर दहा-पंधरा किलोमीटर चालत जावं लागायचं. ते सगळ्यांना दिसायचं. 'पोलिसांचा खबऱ्या' असल्याच्या संशयावरून माओवाद्यांनी गडचिरोलीत शेकडो सामान्य माणसं मारली आहेत. टॉवर आल्यावर तीच माहिती घरात बसून देता येऊ लागली. दुसरीकडं, ठिकाण कळेल या भीतीनं माओवाद्यांना फोन टाळून चिठ्ठ्या पोहोचवणाऱ्या माणसांवर अवलंबून राहावं लागलं. एका बाजूचा निरोप सेकंदात पोहोचतोय आणि दुसऱ्या बाजूचा काही दिवसांनी. अशी लढाई फार काळ बरोबरीत राहत नाही.

गंमत बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये माओवादी पक्षाचा प्रवक्ता 'अभय', म्हणजे भूपतीच, याच्या नावानं शस्त्रं थांबवण्याची तयारी दाखवणारं पत्रक बाहेर आलं. त्यात मतं कळवण्यासाठी ईमेल आणि फेसबुकचा पत्ता होता, आणि सरकारशी व्हिडिओ कॉलवर बोलायची तयारीही. पक्षातल्या दुसऱ्या गटानं लगेच हे पत्रक नाकारलं. आपल्याच माणसांपर्यंत निर्णय पोहोचवायला ज्या संघटनेला फेसबुक लागतं, तिची जंगलातली यंत्रणा किती तुटली होती, हे त्यातून कळतं.

तिसरा बदल: पावसाळ्याची सुट्टी संपली

१७ जुलै २०२४, भर पावसाळा. छत्तीसगड सीमेजवळच्या वांडोलीत सी-६० नं १२ माओवाद्यांना ठार केलं. जखमी पोलिसांना हेलिकॉप्टरनं हलवलं गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोपर्शीच्या जंगलात मुसळधार पावसात चकमक झाली आणि चार माओवादी मारले गेले.

हेलिकॉप्टरचा खरा उपयोग इथं समजतो. त्यातून गोळीबार झाला नाही. पण जखमी झालो तर आपल्याला बाहेर काढलं जाईल, हा भरवसा असला की जवान चार महिने बंद असलेल्या भागातही जातो. पुलांनी आणि रस्त्यांनी उरलेलं काम केलं. माओवाद्यांचा विश्रांतीचा काळ संपला.

आणि हल्लेच कमी झाले, तसा लुटीतून होणारा शस्त्रपुरवठाही आटला. ५४ शस्त्रांत फक्त ७ एके-४७ का, याचं उत्तर इथं आहे.

मग ड्रोनचं काय?

ड्रोननं नक्कीच फरक पडला. गस्तीआधी पुढचा डोंगर बघणं, रात्री हालचाल टिपणं, चकमकीत वेढा कुठून मोकळा आहे हे कळणं, हे सगळं त्यामुळं सोपं झालं. पण दाट झाडीखाली त्याला फारसं दिसत नाही. कुठं बघायचं, हे आधी माणसानंच सांगावं लागतं.

जगात याच काळात उलटं घडत होतं. म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी बंडानंतर यादवी पेटली. तिथं बंडखोरांनी बाजारात मिळणारे स्वस्त ड्रोन बॉम्ब टाकण्यासाठी वापरले आणि २७ ऑक्टोबर २०२३ ला सुरू केलेल्या मोहिमेत लष्कराकडून अनेक शहरं हिसकावली. नंतर लष्करानंही ड्रोन वाढवले आणि पारडं पुन्हा हललं. सुदानमध्ये २०२३ पासूनच्या यादवीत आरएसएफ या निमलष्करी गटाचे ड्रोन मे २०२५ मध्ये थेट पोर्ट सुदानपर्यंत पोहोचले.

मग माओवाद्यांना हे का जमलं नाही? २०१९ मध्ये बस्तरमधल्या सुरक्षा दलाच्या तळावर त्यांचे छोटे ड्रोन दिसल्याच्या बातम्या आल्या होत्या, पण गोष्ट तिथंच थांबली. म्यानमारच्या बंडखोरांना चीन आणि थायलंडची सीमा आहे, ताब्यात शहरं आणि व्यापारी वाटा आहेत. सुदानच्या आरएसएफकडं सोनं आहे आणि बाहेरून रसद आहे. गडचिरोली-बस्तर मात्र चहूबाजूंनी भारतानंच वेढलेला. ड्रोन विकत घेता येतो, पण त्याच्या बॅटऱ्या, सुटे भाग आणि दुरुस्ती सतत मिळायला मोकळी वाट लागते. तीच नव्हती.

तंत्रज्ञान जिथं गप्प बसतं

इथवरची गोष्ट विजयाची वाटेल. पण तिची दुसरी बाजूही बघायला हवी.

एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूर आणि लगतच्या परिसरात दोन दिवसांत ४० जण मारले गेले. पोलिसांच्या मते ते सगळे माओवादी होते. गट्टेपल्ली गावातल्या कुटुंबांचं म्हणणं होतं की त्यांची मुलं लग्नाला म्हणून निघाली होती. छत्तीसगडमध्ये २०२१ पासून ड्रोननं बॉम्ब टाकल्याचे आरोप माओवादी आणि काही गावकऱ्यांनी केले, पोलिसांनी ते फेटाळले. वरून काढलेल्या चित्रात माणूस दिसतो. तो दलमचा सदस्य आहे, की त्या दलमनं गावातून ओढून नेलेला पोरगा, हे त्यात दिसत नाही.

आता वांगेतुरीकडं परत या. त्याच भागात तोडगट्टा इथं मार्च २०२३ पासून ग्रामस्थ प्रस्तावित खाणींविरुद्ध बसले होते. वांगेतुरीचं पोलीस मदत केंद्र सुरू झालं, त्याच दिवशी या आंदोलकांना ताब्यात घेण्यात आलं. पोलिसांचं म्हणणं, त्यांनी अडथळा आणला. आंदोलकांचा आरोप, त्यांच्या झोपड्या मोडल्या.

एकाच दिवशी, एकाच परिसरात घडलेल्या या दोन घटना सगळा गुंता सांगतात. माओवाद्यांना रोखायला आलेली चौकी खाणीला विरोध करणाऱ्या गावकऱ्याला कशी दिसते? आणि खाणीला विरोध करणारा प्रत्येक जण माओवाद्यांचा हस्तक समजला गेला, तर त्यानं दाद कुठं मागायची?

खाणीचा मुद्दा काल्पनिक नाही. एटापल्लीच्या सुरजागड डोंगरात उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथं ७५ हून अधिक ट्रक जाळले होते. २०२१ पासून उत्खननानं वेग घेतला, उत्पादनक्षमता वाढवायला परवानग्या मिळाल्या, कोनसरीला कारखाना आला. सरकार आता गडचिरोलीला 'स्टील हब' म्हणतं. रोजगार आलाय हे खरं आहे. ज्या रस्त्यांवरून भूसुरुंग गेले, तिथून आता खनिजाचे ट्रक जातायत हेही खरं आहे.

पुढं काय बघायचं?

१ जानेवारी २०२५ ला गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्याचं लोकार्पण झालं आणि स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी त्या भागात पहिल्यांदा एसटी आली. आपल्याकडं एसटी अर्धा तास उशिरा आली तर आपण डेपोच्या नावानं बोटं मोडतो. तिथल्या आजारी माणसासाठी, शाळेतल्या मुलीसाठी ही बस काय असेल, याचा विचार करा. याच दिवशी भूपतीची पत्नी तारक्का हिनंही आत्मसमर्पण केलं होतं.

त्यामुळं चकमकींचे आकडे थांबल्यावर गडचिरोलीकडं दुर्लक्ष करू नका. तीन गोष्टींवर लक्ष ठेवा.

एक, चौक्यांमागून काय येतं. पोलीस मदत केंद्रात सध्या दाखले, आरोग्य शिबिरं आणि भरतीपूर्व प्रशिक्षणही चालतं. तलाठी, डॉक्टर आणि शिक्षक तिथं कायमचे पोहोचले, तरच पोलिसांना फक्त पोलिसांचं काम करता येईल.

दोन, ग्रामसभेच्या 'नाही'ला किंमत मिळते का. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्याचा अधिकार. एकही गोळी न झाडता, वनहक्क कायद्याचा कागद हातात धरून. पेसा आणि वनहक्क कायदा खाणपट्ट्यातल्या गावांनाही लागू आहे. तिथली ग्रामसभा खरी होते की पोलीस बंदोबस्तात उरकली जाते, हे पाहावं लागेल.

तीन, शस्त्रं टाकलेल्यांचं काय होतं. बक्षिसाची रक्कम संपल्यावर त्यांच्याकडं जमीन आणि काम असेल का? गाव त्यांना परत घेईल का? ज्यांच्या घरातली माणसं 'खबऱ्या' म्हणून मारली गेली, त्यांना न्याय कोण देणार?

दलमं १९८० मध्ये प्राणहिता ओलांडून आली, तेव्हा तेंदूपत्त्याच्या मजुरीचा आणि जंगलावरच्या हक्काचा प्रश्न गावात पडून होता, म्हणून त्यांना दारं उघडली गेली. बंदूक जवळपास संपली आहे. जंगल कोणाचं, हा प्रश्न मात्र अजून त्याच ग्रामसभांपुढं आहे. फरक एवढाच की आता तिथं रस्ता पोहोचलाय आणि फोनला रेंजही आहे. गावाचं म्हणणं सरकारला ऐकू आलं नाही, ही सबब यापुढं चालणार नाही.